ज्या शब्दाला दात होते

असं समज, बाळा, की तू नऊ वर्षांची आहेस आणि तुझा गळा कुणीतरी धरला आहे. आवळलेला नाही, नुसता धरला आहे, दार उघडण्याआधी कडीवर हात ठेवावा तसा. श्वास येतो-जातो. पाणी पिता येतं. पण घास गिळताना तो हात जरासा घट्ट होतो, आणि सकाळी तुला जाग येते तेव्हा तो तुझ्याआधीच जागा असतो. तू आरशात पाहतेस तर गळ्यावर काही नाही. घरच्यांना सांगतेस, तर ते चमच्याने जीभ दाबून घशात डोकावतात आणि म्हणतात, कुठे काय, चांगला गुलाबी तर आहे. मग तू काय करशील? उत्तर लगेच देऊ नकोस. विनिफ्रेड कोट्सला ते सत्तरीतही नीट देता येत नव्हतं, आणि ती तर जन्मभर शाळामास्तरीण होती.

ती त्या बुधवारी नातीला आणायला शाळेच्या फाटकाशी उभी होती. लीड्समधला नोव्हेंबर, चार वाजायच्या आतच दिवे लागलेले, कोळशाच्या धुराचा वास हातमोज्यांत शिरलेला. सून मॉरीन दुकानात कामाला जायची, म्हणून आणायचं काम आजीकडे. मुलं बाहेर सांडत होती, आणि त्यांच्यामागून कॅसीच्या वर्गबाई, मिस ओल्डरॉइड, हिरवा मफलर सावरत आल्या. तरुण बाई, गोड बोलायच्या, मुलांच्या वह्यांवर हसरे चेहरे काढायच्या. विनिफ्रेडला त्यांच्याबद्दल वाईट असं काही म्हणता आलं नसतं. "मिसेस कोट्स, एक मिनिट हं. कॅसीनं आज पुन्हा जेवण टाकलं. बटाटा तेवढा खाल्ला. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तिला काही झालेलं नाही. ती जराशी वरी करणारी मुलगी आहे, एवढंच." विनिफ्रेड म्हणाली, "कशाची?" मिस ओल्डरॉइड हसल्या. "तसं काही नाही हो. उद्या पोहण्याचा तास आहे ना, बुधवारपासूनच तिचं सुरू होतं. असतात काही मुलं तशी." आणि त्यांनी मान कलती करून कॅसीच्या टोपीवर दोन बोटं टेकवली, मांजराला टेकवतात तशी.

इतकंच झालं. दुसऱ्या कुणी ते ऐकून आभार मानले असते आणि बसकडे वळलं असतं. विनिफ्रेडनेही आभार मानले. पण मानता मानता तिच्या कवळीचे दात एकमेकांवर आपटले, टक्, आणि मानेवरचे पांढरे केस कॉलरच्या आत ताठ झाले. तिला राग आला होता. राग म्हणजे काय ते तिला माहीत होतं, वर्गात पाठमोरी असताना कुणी खडू फेकला की येतो तो. हा तसला नव्हता. हा पोटातून आला नाही, जबड्यातून आला.

वरी. शब्द तुझ्या ओळखीचा आहे. बस चुकली, पेन हरवलं, पाहुण्यांना उशीर झाला की आपणही सहज म्हणून टाकतो, डोन्ट वरी. काळजी नको. फुंकर मारल्यासारखा हलका शब्द. पण विनिफ्रेड जिथे जन्मली त्या वरच्या डोंगरखोऱ्यात, जिथे घरांपेक्षा कुंपणाच्या दगडी भिंती जास्त आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तिथे तिच्या लहानपणी हा शब्द माणसांचा नव्हता. तो कुत्र्यांचा होता. कुत्रं मेंढीला धरतं ते पायाला नाही, गळ्याला. धरतं आणि हलवतं, ओलं फडकं झटकावं तसं, आणि मेंढी ओरडत नाही, कारण ओरडायचं जिथून तेच त्याच्या तोंडात असतं. सकाळी माणसं वर जात आणि खाली येऊन एकच वाक्य बोलत: रात्री कुत्र्याने वरी केली. त्यापुढे कुणी काही विचारत नसे. पुढे शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला असताना कॉलेजच्या जाडजूड शब्दकोशात तिने तो शब्द मुद्दाम उघडून पाहिला होता. मूळ अर्थ, गळा दाबून जीव घेणे. मग शतकं गेली, आणि शब्दाचे दात पडले. जीव घेणं गेलं, छळणं राहिलं. मग छळणंही गेलं, ज्याचा छळ होतो त्याची नुसती तगमग राहिली. त्या दिवशी वाचनालयाच्या हिरव्या दिव्याखाली ती कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून बसली होती. आधी वरी करायचं ते कुत्रं. आता वरी करते ती मेंढी. धरणारा शब्दातून हळूच निघून गेला होता आणि जाताना आपलं नाव जिला धरलं तिच्या गळ्यात अडकवून गेला होता.

बसमध्ये खाली जागा मिळाली. काचा आतून घामेजलेल्या. कॅसीने काचेवर बोटाने एक रेघ ओढली, मग तिच्याखाली दुसरी. पुढचे दोन दात नुकतेच पुरे आलेले, तोंडाच्या मानाने फार मोठे, त्यामुळे तिचं तोंड नेहमी किंचित उघडं असायचं, आणि आत्ता ते मिटलेलं होतं. विनिफ्रेडने काही विचारलं नाही. मुलांना प्रश्न विचारू नये, त्यांच्या बाजूला बसावं आणि दुसरीकडे बघावं, हे तिला जुन्या धंद्याने शिकवलं होतं. दोन थांबे गेले. मग कॅसी काचेलाच म्हणाली, "लोरेनला पोहता येत नाही."

"असं?"

"मला येतं. मला कुणी काही करत नाही. लोरेन काठाला धरते. तिथे तो पितळी दांडा असतो ना, त्याला. मग पोहायला शिकवणारे मिस्टर हॅलस बांबू घेऊन येतात आणि तिची बोटं सोडवतात."

"सोडवतात म्हणजे कसं?"

"टोकानं. एकेक." कॅसीने आपली बोटं समोरच्या सीटच्या पाठीला धरून दाखवली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक उचलली, करंगळीपासून. "मग ती खाली जाते. वर आली की बांबू खांद्यावर ठेवतात आणि परत खाली ढकलतात. म्हणतात, पाण्याशी दोस्ती कर. सगळे हसतात. मीपण एकदा हसले." ती थांबली. "उद्या खोल बाजूला आहे, आजी. बिल्ल्याची परीक्षा. सगळ्यांनी ओलांडायचं, आडवं. लोरेननंपण."

"बाईंना सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"डोन्ट वरी म्हणाल्या. तलावाच्या वर काचेमागे चहाची खोली आहे, बाई तिथे वह्या तपासतात. म्हणाल्या, लोरेन तर काही तक्रार करत नाही."

नाहीच करणार, विनिफ्रेडच्या मनात आलं. ओरडायचं जिथून तेच त्याच्या तोंडात आहे. तिने पर्सची कडी उघडली आणि बंद केली. समोरच्या बाकावर एक माणूस ओल्या कागदातले तळलेले मासे खात होता, आणि त्या व्हिनेगरच्या वासातून अचानक दुसराच वास वर आला, ओल्या कुत्र्याचा, ओल्या लोकरीचा, आणि त्याच्यावर धुण्याच्या सोड्याचा, नाकात टोचणारा, तीक्ष्ण, स्वच्छ वास.

मॉस नाव होतं त्याचं. काळा, छातीवर पांढरा डाग, उजवा कान दुमडलेला. विनिफ्रेड नऊ वर्षांची होती आणि कोकरं जन्मायचे दिवस होते. शेजारच्या केअर्टनच्या मेंढ्या सकाळी गळे फाटलेल्या सापडल्या. अशा वेळी डोंगरात एक रीत होती. सगळे गडी मिळून घरोघर फिरायचे, बरोबर धुण्याच्या सोड्याचे खडे. ज्याचं कुत्रं त्याने स्वतः जबडा उघडून धरायचा, दुसऱ्याने खडा घशात सोडायचा, आणि मग अंगणात उभं राहून वाट बघायची. कुत्रं ओकायचं. ओकारीत लोकर निघाली की धन्याने आतून बंदूक आणायची. वाद नाही, भांडण नाही, आणि गोळी दुसऱ्याने घालायची नाही. त्यानंतर त्या घरी सगळ्यांनी चहा घ्यायचा, म्हणजे मनात काही राहिलं नाही असं ठरतं. न्यायाची रीत होती ती. तिला अजूनही वाटायचं की रीत म्हणून ती वाईट नव्हती. म्हणूनच तर राग जायचा नाही.

बाप अमोसने मॉसचा जबडा धरला. केअर्टनने खडा सोडला. मॉसने विश्वासाने गिळला, शेपूट हलवत, धन्याच्या हातून आलेलं काहीही तो गिळायचा. मग त्याचं पोट आत ओढलं गेलं, पुन्हा ओढलं गेलं, आणि दगडी फरशीवर लापशीचा लगदा पडला आणि त्यात लोकरीचा पुंजका. बोलली ती विनिफ्रेडच. तिची वाचा गेली नव्हती, हे तुला मुद्दाम सांगतो. गोष्टींत अशा वेळी मुलांची वाचा जाते, मोठ्यांना ते सोयीचं असतं. ती अगदी स्पष्ट बोलली. "ही मेलेल्या कोकराची लोकर आहे. बाबांनी काल त्याचं कातडं काढलं, पोरक्या कोकराला घालायला. उरलेले तुकडे मी मॉसला टाकले. मॉस रात्रभर माझ्या खोलीच्या दाराशी होता." आणि हे खरं असू शकतं हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, कारण ज्या मेंढीचं कोकरू मेलं तिने दुसरं स्वीकारावं म्हणून मेलेल्याचं कातडं जिवंताच्या अंगावर चढवायचं काम त्या आठवड्यात प्रत्येकाने केलं होतं. कोकराची लोकर आणि मोठ्या मेंढीची लोकर बोटांत धरली की वेगळी कळते. एकानेही वाकून ती बोटांत धरली नाही.

खालच्या गावातून एक हवालदार आला होता त्यांच्याबरोबर, लाल गालांचा, दयाळू. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "डोन्ट यू वरी, बाळ." तो शब्द गावातल्या अर्थाने तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी? मी कुणाचा गळा धरलाय? मग केअर्टन म्हणाला, "पोरीच्या मनाला लागलंय, अमोस. आत ने तिला." आणि तिने जे सांगितलं होतं ते तिथल्या तिथे नाहीसं झालं. ती साक्ष राहिली नाही, तिची मनःस्थिती झाली. भिंतीमागे आवाज झाला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, आणि तिची आई नव्हती म्हणून चहा तिलाच करावा लागला. पेल्यात साखर घालू की नको हे तिला प्रत्येकाला विचारावं लागलं. हवालदार म्हणाला, "दोन चमचे. गुणाची पोर आहे."

पुढल्याच आठवड्यात आणखी मेंढ्या गेल्या. कुत्रं शिकारीच्या बंगल्यावरचं होतं, शहरातल्या साहेबाचं, तांबूस, देखणं, माणसाच्या हातातून बिस्किट अलगद उचलणारं. त्याला सोडा कुणी दिला नव्हता. साहेबाच्या कुत्र्याचा जबडा कोण उघडणार? त्याला पट्टा होता, पट्ट्यावर पितळी पट्टी होती. अमोसच्या दाराशी परत कुणी आलं नाही, ना चहाला, ना बोलायला. तोही त्या विषयावर कधी बोलला नाही. फक्त पुढच्या वर्षापासून तो कातड्याचे तुकडे खड्डा खणून पुरायला लागला, आणि ती ते बघत उभी राहायची, आणि तो मान वर करायचा नाही.

"आजी, आपला थांबा," कॅसी म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला माशाच्या कांड्या आणि वाटाणे होते. कॅसीने वाटाणे ताटाच्या कडेने एका ओळीत लावले. विनिफ्रेडने सांगायला सुरुवात केली आणि तिचा मुलगा कीथ कंटाळा न दाखवण्याच्या प्रयत्नात ब्रेडला लोणी लावत राहिला. "आई, हॅलसनं मलासुद्धा शिकवलंय पोहायला. आमच्या वेळीही बांबू होता. मी बुडलो का?"

"तू काठाला धरायचास का?"

"आठवत नाही गं."

"मग तुला काय माहीत?"

"हे बघा, विनिफ्रेड," मॉरीन म्हणाली. सासूला नावानेच हाक मारायची पण अहो-जाहो करायची, आणि 'हे बघा' म्हणाली की तिचा दिवस दुकानात वाईट गेलेला असायचा. "डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही नाही. ते म्हणाले, नाजूक मनाची मुलगी आहे, दुसऱ्याचं ओझं उचलते. आता तुम्हीपण उचललंत, तर तिनं काय करायचं?"

"दुसऱ्याचं ओझं आहे ना? मग ते काय आहे ते बघायला कुणी गेलं का?"

"अगं, ती लोरेन आमच्या वर्गातल्या कॉलिनची पोर," कीथ म्हणाला. "कॉलिनला सांगतो पबमध्ये भेटला की. झालं? तू उगीच वरी करू नकोस."

विनिफ्रेडने काटा खाली ठेवला. तो शब्द टेबलावर पडला होता, मिठाच्या भांड्याशेजारी, आणि सगळे त्याच्या बाजूने हात घालून लोणी घेत होते. तिला वाटलं, उठावं आणि ताट भिंतीवर मारावं. मुलाच्या चांगल्या, गोल, दमलेल्या चेहऱ्याकडे बघताना तिला केअर्टन दिसत होता, आणि केअर्टनही चांगला माणूस होता, हिवाळ्यात त्याने त्यांच्याकडे गवत पोचवलं होतं. वाईट माणसं कुठे असतात? चांगली माणसं अंगणात टोप्या घालून उभी असतात आणि वाकत नाहीत, बस. आणि मग, घास तोंडात फिरत असताना, तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, शाळेतला, खणखणीत: खाली बस बघू, वरी करायचं काही कारण नाही. किती मुलांना म्हणाली असेल ती? चेहरे आठवेनात, आणि चेहरे आठवेनात याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. टेबलाच्या पलीकडून कॅसी तिच्याकडे बघत होती. वाटाण्यांची ओळ मोडलेली होती. "आजी," ती म्हणाली, "तू येशील?"

"पालकांना आत सोडत नाहीत, राणी," मॉरीन म्हणाली.

"मी पालक नाही," विनिफ्रेड म्हणाली. "मी आजी आहे. येते."

गुरुवारी सकाळी पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीतली बाई विणत होती. "आज शाळांची वेळ आहे, मावशी. प्रेक्षक बंद."

"मी प्रेक्षक नाही."

"मग कोण आहात?"

त्याचं उत्तर तयार नव्हतं, म्हणून विनिफ्रेड सरळ पुढे गेली. मागून सुया टेबलावर पडल्याचा आवाज आला. ओली फरशी, हिरव्या फरशांच्या भिंती, पाय धुवायचं उथळ कुंड. तिने बूट काढले नाहीत. ते जाणूनबुजून नव्हतं, तिला वाकवत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. तपकिरी चामड्याचे, नाडीचे, लीड्सचा सगळा चिखल घेऊन आलेले बूट त्या कुंडातून चालत गेले आणि पलीकडे निघाले. मग तो आवाज आला. बंद छताखाली मुलांचा आवाज पाण्यावर आपटून परत येतो, त्यात हसणं कुठलं आणि ओरडणं कुठलं हे वेगळं करता येत नाही. क्लोरीन तिच्या नाकात चढला. टोचणारा, तीक्ष्ण, स्वच्छ वास. तिने आपोआप खाली बघितलं, फरशीवर काही पडलंय का.

वरती, काचेमागे, मिस ओल्डरॉइड वह्यांवर वाकलेल्या होत्या. हिरवा मफलर खुर्चीच्या पाठीला. खाली, खोल बाजूच्या काठाने, मिस्टर हॅलस चालत होते, पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी, मनगटाएवढा जाड लांब बांबू हातात, अगदी सहज, जसं कुणी फिरायला जाताना काठी घेतं. माणूस दिसायला प्रसन्न होता. छातीवर संस्थेचा बिल्ला होता, चकचकीत. पलीकडच्या काठाशी पोहून गेलेली मुलं ओल्या पाखरांसारखी ओळीने लटकली होती, त्यांच्यात कॅसी, रबरी टोपीखाली तिचे कान दुमडलेले. अलीकडे एकच मुलगी राहिली होती. जाडसर, गोरीपान, ओठ निळे, दोन्ही हातांनी पितळी दांडा धरलेला.

"चल, लोरेन. सगळे तुझी वाट बघतायत. जेवण गार होईल आमचं." पलीकडून हशा आला. हॅलसनी बांबूचं टोक तिच्या करंगळीखाली सरकवलं, हळुवार, शिंपल्यातून मोती काढावा तसं. एक बोट. मग दुसरं. मुलगी ओरडली नाही. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं, आणि विनिफ्रेडला तो गळा दिसला, मागे कललेला, पांढरा, त्यात वर-खाली होणारं काहीतरी. मग बोटं सुटली आणि मुलगी पाण्याखाली गेली. वर आली, कशीबशी पुन्हा दांडा धरला, खोकली. बांबूचं टोक तिच्या खांद्यावर येऊन थांबलं.

"मी बघते आहे," विनिफ्रेड म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण जन्मभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज होता तो, आणि त्या छताखाली तो सगळ्यांच्या वरून गेला. हशा थांबला. हॅलसनी वळून बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

"बाई, बूट."

"या मुलीची बोटं तुम्ही सोडवलीत. मी पाहिलं. मागेही सोडवलीत. माझ्या नातीनं सांगितलं ते खरं आहे."

"अहो, इथे बूट चालत नाहीत. स्वच्छतेचा प्रश्न आहे." आता सगळी मुलं तिच्या बुटांकडे बघत होती. तिकिटांची बाई दारात येऊन उभी होती, तीही बुटांकडेच बघत होती. काचेमागे मिस ओल्डरॉइड उठल्या होत्या, तोंडावर हात, आणि त्यांचीही नजर फरशीवरच्या चिखलाच्या ठशांवर होती, ते ठसे जिथून आले तिथून जिथवर पोचले होते तिथवर. विनिफ्रेडला हसू आलं, रागाचं, कडू. अंगणात लोकर पडलीय आणि हे फरशी बघतायत.

"बांबू खाली ठेवा."

"बाई," हॅलस म्हणाले, समजुतीने, खरोखर समजुतीने, "इथे मी अर्ध्या लीड्सला पोहायला शिकवलंय. मुलं आधी घाबरतात, मग शिकतात. एकालाही काही झालेलं नाही. तुम्ही उगीच वरी करता आहात." आणि बोलणं संपलं असं समजून, एखादं दार ओढून घ्यावं तसं, ते परत पाण्याकडे वळले आणि बांबूचं टोक लोरेनच्या उरलेल्या बोटांकडे गेलं.

विनिफ्रेड पुढे सरकली. ओल्या फरशीवर बुटाचा तळवा घसरला, तिने भिंत धरली, आणि ती तिथेच अडकली, एक हात भिंतीला, मधे चार पावलांचं निसरडं अंतर. तिचं बोलून झालं होतं. तिने स्पष्ट सांगितलं होतं, साक्षीसारखं, मोठ्या माणसाच्या आवाजात, आणि ते पुन्हा तिची मनःस्थिती झालं होतं. तिचा जबडा इतका घट्ट मिटला की कवळी हिरडीत रुतली. भिंतीमागे आवाज होईल, तिला वाटलं. आता होईल. मग मला विचारावं लागेल, साखर किती.

तेव्हा पलीकडच्या ओळीतलं एक डोकं नाहीसं झालं.

कॅसी पाण्याखालून आली. मधोमध कुठेतरी एकदा वर आली, श्वास घेतला, परत गेली, आणि निघाली ती लोरेनच्या आणि बांबूच्या मधे. टोपी निघून गेली होती, केस डोळ्यांवर. तिने लोरेनकडे बघितलं नाही, आजीकडे बघितलं नाही. दोन्ही हातांनी बांबूचं टोक धरलं. "सोड," हॅलस म्हणाले. मग हसून म्हणाले, "सोड गं, वेडे." मग त्यांनी बांबू हलवला, एकदा गमतीने आणि मग गमतीने नाही, आणि ती त्याच्याबरोबर हलली, पाण्यातून उचलली गेली, आपटली, पुन्हा उचलली गेली. ती सोडत नव्हती. तिच्यामागे लोरेनने एक कोपर दांड्यावर टाकलं, मग दुसरं. कुणीच हसत नव्हतं. वर काचेमागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी जिन्यावरून धावत खाली यायला लागलं. हॅलसनी दोन्ही हातांनी बांबू धरून जोरात मागे ओढला. ओला, गुळगुळीत बांबू कॅसीच्या हातांतून घसरायला लागला, वीतभर, आणखी वीतभर.

तेव्हा कॅसीने तोंड उघडलं आणि ते नवे, मोठे दात बांबूत रोवले.